सोळा फुटांत बसायची जागा

होडीच्या नकाशात सगळं दिलेलं होतं. प्लायच्या पट्ट्या किती रुंद कापायच्या, तांब्याच्या तारेचे टाके किती अंतरावर घालायचे, सांध्यांवर काचेच्या कापडाचे किती थर चिकटवायचे, वल्हं किती लांब. फक्त माणसानं बसायचं कुठे, तेवढं नव्हतं. होडीच्या पाठीवर तुटक रेषेनं एक लंबगोल काढला होता आणि शेजारी टीप होती, की कॉकपिटची जागा बसणाऱ्याचं वजन आणि बांधा पाहून ज्याची त्यानं ठरवावी.

मी ती टीप तीनदा वाचली. एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणं, कालवे, सांडवे, दरवाजे. साहेबांनी ठरवायचं, आम्ही कागदावर उतरवायचं. आमच्याकडे नकाशात कोरी जागा राहिली तर मेमो मिळायचा. आणि हा कुठला कोण परदेशी गृहस्थ सोळा फुटांची होडी काढतो, टाक्यांची भोकंसुद्धा मोजून देतो, आणि मुख्य मुद्द्याशी येऊन म्हणतो, तुमचं तुम्ही बघा.

कयाक ही लांब, निमुळती, वरून बंद असलेली होडी. तिच्या पाठीला एकच मोठं भोक, त्यात एक माणूस बसतो, त्या भोकाला कॉकपिट म्हणतात. माझे बाबा त्याला ‘बैठक’ म्हणत आणि मला तोच शब्द पटला. बैठक फार पुढे गेली तर होडी नाक खुपसते, फार मागे गेली तर शेपूट ओढत चालते. फरक चार बोटांचा, पण त्या चार बोटांवर सगळं अवलंबून. शिवाय भोक एकदाच पाडता येतं.

हे सगळं सुरू झालं ते खडकवासल्याला, भाजलेलं कणीस खाताना. मी नुकतीच निवृत्त झाले होते. बाबा त्र्याऐंशीचे. आई गेल्यापासून ते माझ्याकडे धायरीला असतात, आणि घरात आम्ही दोघंच. ते खडकीच्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करायचे. निवृत्तीनंतर त्यांनी आधी आमच्या घरातल्या, मग सोसायटीतल्या सगळ्या खुर्च्या, स्टुलं आणि देव्हारे दुरुस्त केले होते, आणि आता कुणाचं काही मोडतच नव्हतं. म्हणून एका रविवारी त्यांना पाण्याकडेला घेऊन गेले, तर समोर चार-पाच तरुण मुलंमुली रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या कयाक घेऊन पाण्यावर भिरभिरत होती. बाबांचं कणीस हातात तसंच राहिलं.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, की हे लाकडाचं पाहिजे.

आणि मग, बडीशेप मागावी तितक्या साधेपणानं, त्यांनी मला गावच्या तळ्याचं सांगितलं. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे असत, झाडाचं खोड कोरून केलेले. बाबांना लहानपणी एकदा त्यात बसायचं होतं. पण आमच्या वस्तीचा घाट वेगळा होता, आणि डोंग्याला आमचा हात लागलेला गावाला चालत नसे. मग दीक्षा झाली, शाळा झाली, पुण्याची गाडी झाली, खडकी झाली, आणि डोंगा राहून गेला. सत्तरेक वर्षं हा माणूस ही गोष्ट पोटात ठेवून रंधा मारत होता आणि मला पत्ता नव्हता. मी म्हटलं, आपण करू.

पण एक अट घातली. बांधायची दोघांनी, बसायचं मी एकटीनं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झालेली, पोहायला येत नाही, आणि त्यांच्याबाबतीत माझी काळजी जरा जास्तच उतू जाते. त्यांनी स्वतःच्या हातानं डोंगा केला म्हणजे झालं की, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दुसऱ्याच्या हौसेची सीमा आपणच आखून द्यायची ही सवय खात्यातली. बाबा ‘बरं’ म्हणाले. बाबांचं ‘बरं’ फार फसवं असतं. त्यात होकार किती आणि ‘पुढचं पुढे पाहू’ किती, हे फक्त आईला कळायचं.

होडी बांधायला जागा होती ती आमच्या पार्किंगची. माझ्याकडे एक स्कूटर, तिला लागतो कोपरा. बाकी सगळा चौकोन मोकळा. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन आले. गृहस्थ सज्जन, पण कुठलीही गोष्ट सरळ विचारली तर त्यांना पित्त होत असावं. आपण इथे नक्की काय करता आहात हे विचारलेलं चालेल का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यावर, पार्किंगची जागा नियमाप्रमाणे फक्त चारचाकीसाठी असते, असं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी बाबांनी होडीखालच्या घोडीला चार चाकं बसवली. चेअरमननी येऊन ती मोजली. चार भरली. त्यानंतर त्यांचा आक्षेप संपला आणि रोज सकाळी दूध घेऊन येताना पाच मिनिटं थांबणं सुरू झालं. पार्किंगमध्ये पाणी साचायची वाट पाहताय वाटतं, हे वाक्य त्यांनी निदान आठ वेळा म्हटलं असेल.

बांधकामाचे ते पाच महिने फार मजेत गेले. मी हॉलमध्ये पाय पसरून पूर्ण मापाचा नकाशा काढला, बाबांनी तो प्लायवर उतरवून पट्ट्या कापल्या, आणि मग दोघांनी समोरासमोर बसून तारेचे टाके घातले. गोधडी शिवावी तशी होडी शिवली. बाबांना माझे टाके पसंत नव्हते. मी एक घातला की ते तो सोडवून पुन्हा घालत आणि म्हणत, चांगला घातला होता बाई तू, मी फक्त जरा घट्ट केला. गोंदाच्या वासानं माझं डोकं उठे, बाबांना त्या वासानं भूक लागे. कारखान्यातली सवय.

आणि मग पाठीचं प्लाय चिकटवायची वेळ आली, आणि ती टीप पुन्हा पुढ्यात आली. टिपेखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, की शक्य असल्यास पाठ बंद करण्याआधी होडी पाण्यात सोडावी, आत बसून मागेपुढे सरकून पाहावं, आणि होडी समतोल झाली की तिथे खूण करावी. सल्ला उत्तम. पण जवळचं पाणी म्हणजे सोसायटीचा पोहण्याचा तलाव. त्याच्याभोवती इतक्या सूचना लावल्या आहेत की त्या वाचून होईपर्यंत पोहायची वेळ संपते. मी चेअरमनना विचारलं. तलाव रहिवाशांसाठी आहे, होडीचं नाव सोसायटीच्या यादीत आहे का, असं त्यांनी विचारलं. धरणावर न्यायची तर त्यासाठी मी रीतसर तीन प्रतींत अर्ज दिला होता, आणि माझंच खातं असल्यामुळे उत्तराला किती दिवस लागतील याची मला चांगली कल्पना होती.

तेव्हा आम्ही ते कोरड्यावरच ठरवायचं असं ठरवलं. अर्धं काम माझं, अर्धं बाबांचं. धरणात पाणी किती मावेल हे काढायची आमची जी रीत आहे, तीच मी होडीला लावली. होडीचे मनातल्या मनात काप करायचे, प्रत्येक कापाचं क्षेत्रफळ काढायचं, आणि होडी कुठल्या बिंदूवर तोलली जाईल ते शोधायचं. तीन दिवस मी तहानभूक विसरून बसले. उत्तर आलं, नाकापासून आठ फूट चार इंच. त्या बिंदूच्या बरोबर वर माणसाचा मध्य आला पाहिजे.

आता माणसाचा मध्य कुठे असतो? बाबांनी कारखान्यातली युक्ती काढली. कुठल्याही ओबडधोबड ठोकळ्याचा तोल काढायचा तर तो गजावर ठेवून बघायचा. त्यांनी पार्किंगमध्ये एक लोखंडी पाइप आडवा ठेवला, त्यावर सहा फुटी फळी, आणि मला म्हणाले, बस आरामात.

मी चप्पल काढून फळीवर मांडी घालून बसले. फळी आधी डावीकडे आपटली, मग उजवीकडे. पोरं जमली. मी इंचाइंचानं सरकत होते, बाबा डोळे बारीक करून बघत होते. एका क्षणी फळी दोन्ही बाजूंनी अधांतरी झाली, आणि बाबांनी कानामागची पेन्सिल काढून खूण केली. माझ्या पाठीपासून पाइपपर्यंत सात इंच. खात्री म्हणून तीनदा केलं, तिन्ही वेळा सातच. मग ताडून बघायला म्हणून बाबा स्वतः बसले. तेही सात. एवढ्यात चेअरमन आले, दुधाची पिशवी खाली ठेवली, हा प्रकार अपघाताला आमंत्रण आहे असं म्हणाले, आणि मग चप्पल काढून तेही फळीवर बसले. त्यांचे साडेसात भरले. पोटाचा भाग पुढे येतो, असं बाबांनी फार आदरानं समजावून सांगितलं.

पाठ चिकटवली, रात्रभर सुकू दिली, आणि सकाळी बाबांनी बारीक पात्याच्या करवतीनं लंबगोल कापला. मी बघू शकले नाही. मी घरात जाऊन कुकर लावला. शिट्ट्या मोजत होते तेवढ्यात बाबा तो कापलेला लंबगोल ताटासारखा हातावर धरून दारात आले. मग उरलेल्या दिवसांत त्यांनी बैठकीला कड बसवली, आत सीट आणि पाठ टेकायची पट्टी लावली, आणि मी आत पाय टेकायच्या खुंट्या चिकटवल्या. शेवटी होडीच्या दोन्ही अंगांना, पाणी जिथपर्यंत येईल असा माझा हिशेब होता तिथे, मी एक बारीक निळी रेषा काढली. खात्यात पाण्याची पातळी आम्ही निळ्यानंच काढायचो. एकतीस वर्षं मी ती रेषा काढली, आणि एकदाही त्या रेषेवर खरं पाणी आलेलं पाहायला गेले नव्हते. नकाशा मंजूर झाला की आमचा संबंध संपायचा.

परवानगी आणि वॉर्निश साधारण एकाच आठवड्यात पूर्ण झाले. पानशेतच्या रस्त्याला एका शेतकऱ्याचं शिवार थेट मागच्या पाण्याला भिडतं. कित्येक वर्षांपूर्वी त्यांच्या जमिनीचा जुना नकाशा मी दप्तरातून शोधून दिला होता. माझ्या कामामुळे कुणी माणूस खूश झाल्याचं हे एवढं एकच उदाहरण, म्हणून मी ते जपून ठेवलं आहे. आम्ही टेम्पोत होडी घातली आणि सकाळी सकाळी त्यांच्या बांधावर उतरलो. ते ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब घेऊन आले होते. होडीपेक्षा त्यांचा विश्वास ट्यूबवर होता.

मी लाइफ जॅकेट घातलं, बाबांनाही घालायला लावलं. काठावरच उभं राहायचं होतं त्यांना, तरीही. मग मी गुडघाभर पाण्यात होडीत शिरले, पाय लांब करून खुंट्यांना टेकवले, आणि वल्हं मारलं. होडी तरंगली. गळली नाही. मी आनंदानं मागे वळून बघणार, तोच लक्षात आलं की निळ्या रेषेचं पुढचं टोक पाण्याखाली गेलं आहे.

सरळ जावं म्हटलं तर होडी सरळ जाईना. वारा ज्या बाजूनं येई तिकडे नाक वळवी. मी डावीकडे चार वल्ही मारून तिला वळवावं आणि तिनं पुन्हा आपलं वाऱ्याकडे तोंड करावं. काठावरून शेतकरीभाऊंचा आवाज आला.

“ताई, नाक खाली हाय तिचं. म्हस पाण्याला वाकल्यागत दिसतंय.”

मी कशीबशी काठाला आले. बाबांकडे बघायची हिंमत होईना. पाच महिने, आणि नाक बोटभर खाली, शेपूट बोटभर वर. माझा हिशेब चुकला, हे मला तिथल्या तिथे पटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः काही ठरवलं आणि तेच चुकलं. मला रडूच येत होतं. पण बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते बैठकीत वाकून माझे पाय बघत होते.

“पाय काऊन लांब केले तू?”

मी म्हटलं, यात पाय लांब करूनच बसतात. खुंट्या कशाला लावल्यात मग?

“फळीवर तं मांडी होती,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. माझी मांडी, त्यांची मांडी, चेअरमनची मांडी. तीन माणसं, अर्धा तास, आणि बघायला उभी असलेली पोरं वेगळीच. एकालाही पाय लांब करावेसे वाटले नाहीत. ‘बस’ म्हटलं की आपण जसे बसतो तसे बसलो. पंगतीत बसतो तसे, विहारात बसतो तसे. नकाशातल्या खुंट्या मी स्वतः काढल्या होत्या, स्वतः चिकटवल्या होत्या. पाय पुढे जाणार हे मला ठाऊक होतं, पण फळीवर बसताना ते माझ्या पायांना ठाऊक नव्हतं. पाय पुढे गेले की माणसाचा मध्यही पुढे जातो. चांगला चार बोटं. मला एकदम हसू फुटलं. बाबाही हसायला लागले, आणि आम्ही दोघं का हसतोय हे न कळून शेतकरीभाऊही हसले.

मग मी आत मांडी घालायचा प्रयत्न केला. ते काही जमेना. फळीला कडा नव्हत्या, होडीला आहेत, आणि माझ्या मांड्या काही वडिलांवर गेलेल्या नाहीत. एक गुडघा आत गेला की दुसरा बाहेर. शेवटी भाऊंनी हात देऊन मला ओढून काढलं.

बाबांनी लगेच कानामागची पेन्सिल काढली. बैठकीच्या मागच्या कडेपासून चार बोटं मोजली, आणि ओल्या पाठीवरचं पाणी शर्टाच्या बाहीनं पुसून नवी रेघ आखली. एवढं मागे कापू, पुढच्या बाजूला पट्टी जोडू, सीट सरकवू, आठ दिवसांचं काम, असं ते सांगत होते. रेघ सरळ आली. हात जराही हलला नाही. चाळीस वर्षांत त्यांचा एक साचा परत आला नव्हता, आणि आता हा परत आला तर तक्रार न करता दुरुस्तीला लागले. पण रेघ आखून झाल्यावर पेन्सिल कानामागे ठेवायची ते विसरले. ती हातात धरून, पाण्यावर रिकाम्या हलणाऱ्या होडीकडे बघत उभे राहिले. खडकवासल्याला कणीस धरून उभे होते, तसे.

त्यांनी मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. नकार माझ्याकडे तयार होता. बायपास, वय, पोहता न येणं, सगळ्या मुद्द्यांसकट. पण त्यांनी मागितलं नाही. बहुधा त्या तळ्यावरही त्यांनी कधी तोंडानं मागितलं नसेल. कुणी नको म्हणायची वेळच त्यांनी येऊ दिली नसेल. आणि इथे तर अट घालणारी मी होते, त्यांची मुलगी. मला माझीच इतकी लाज वाटली की काय सांगू.

“बाबा, तुम्ही बसा.”

“तू तं नाही म्हणली होती.”

“तेव्हा म्हटलं होतं. आता बसा.”

त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. चप्पल काढून काठावर नीट जोडीनं ठेवली. भाऊंनी बैलाचा कासरा आणून होडीच्या शेपटाला बांधला आणि दुसरं टोक माझ्याकडे दिलं, स्वतः ट्यूब घेऊन पाण्यात उतरले. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एक पाय आत टाकला, मग दुसरा, खाली बसले, आणि काटकुळे गुडघे कडेच्या आत सहज दुमडून घेतले. घरी जेवायला बसतात तेवढाच वेळ लागला.

मी बाजूला होऊन निळी रेषा पाहिली. बाबा माझ्यापेक्षा हलके, त्यामुळे पाणी रेषेच्या बोटभर खाली राहिलं होतं. पण नाकापाशी बोटभर, मधे बोटभर, शेपटापाशीही बोटभरच. पाणी आणि माझी रेषा, दोन्ही एकमेकांना समांतर. मी आयुष्यात इतकी बरोबर रेषा काढलेली नाही.

बाबांनी वल्हं उचललं. शिकवायची गरज पडली नाही, बांधताना पाच महिने त्यांनी ते हवेत मारून बघितलं असणार. होडी सरळ निघाली. मी कासरा धरून कमरेपर्यंत पाण्यात चालत होते, आणि दोर ताणला गेला तशी थांबले. बाबाही थांबले. मागे न वळता त्यांनी सांगितलं.

“बाई, दोरी सोड.”

मी भाऊंकडे पाहिलं. ते ट्यूबवर हात ठेवून म्हणाले, “सोडा की. मी हाय.”

मी सोडली. कासरा पाण्यावरून सापासारखा होडीमागे निघून गेला. बाबा आत आत गेले. फार नाही, एखाद्या शाळेच्या मैदानाएवढं. तिथे त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि नुसते बसून राहिले. होडी हलत नव्हती, डोलत नव्हती. पाण्यावर पाट मांडून कुणी बसवावं तसे बाबा बसले होते. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी रडतही होते आणि हसतही होते, आणि भाऊ मला सांगत होते, की ताई, म्हातारं लई झ्याक बसलंय.

परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. बाबा पायाला आलेल्या मुंग्या झाडत म्हणाले, कुठे गळत नाही. मग दोन मिनिटांनी, चप्पल घालता घालता, खाली बघत म्हणाले, की डोंग्यापेक्षा चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पुन्हा पार्किंगमध्ये आपल्या चार चाकांवर होती. चेअरमननी होडी बुडाली का म्हणून फार आशेनं चौकशी केली आणि नाही म्हटल्यावर पेढे कधी, असं विचारलं. बाबा वर करवतीला धार लावत बसले होते, त्या चार बोटांसाठी. मी खात्यातून निवृत्तीच्या दिवशी एकच वस्तू उचलून आणली होती, ती म्हणजे माझं खोडरबर. ते घेऊन मी खाली गेले आणि बैठकीमागची ती रेघ खोडली. वॉर्निशवरची पेन्सिल होती, पटकन गेली. मग नकाशा उलगडून त्या टिपेशेजारी मी नेहमीच्या खात्याच्या अक्षरात जागा भरली. बैठकीची मागची कड, नाकापासून आठ फूट अकरा इंच. बसणार, बाबा. खाली तीन चौकटी आखल्या, आमच्याकडे असतात तशा. ‘काढले’ मध्ये मी सही केली, ‘तपासले’ बाबांसाठी ठेवलं, आणि ‘मंजूर’ मध्ये, जिथे एकतीस वर्षांत मला कधी पेन टेकवू दिलं नव्हतं, तिथेही मीच केली.

बाबा करवत घेऊन उतरले. होडीवरून हात फिरवला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“रेघ कुठे गेली?”

“खोडली.”

त्यांनी नकाशातली भरलेली जागा वाचली. मग विचारलं, “आणि तू बसशील तं?”

मी म्हटलं, मी बसेन तेव्हा मागे, शेपटाकडे, पाण्याचा कॅन सरकवून ठेवायचा. नाक आपोआप वर येतं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, मला त्यांचे ओठ हलताना दिसले.

“पाच लिटर,” ते म्हणाले.

माझाही पाचच आला होता. बाबांनी खिशातून पेन काढून ‘तपासले’ मध्ये सही केली, करवतीला तेलाचं फडकं गुंडाळलं आणि जिन्याकडे निघाले. पहिल्या पायरीवर थांबून म्हणाले, की रविवारी जरा लवकर निघू, वारा सुटायच्या आत. कॅन घरीच राहू दे म्हणाले, आधी मी बसतो.